मुलाखतीला काय घालू, ताई?



कपड्यांवर संपादकीय लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. बाईनं काय घालावं हे सांगणाऱ्यांची आपल्याकडे टंचाई कधीच नव्हती. बाप सांगतो, नवरा सांगतो, कॉलेजचे प्राचार्य सांगतात, पोलीस ठाण्यातला हवालदारसुद्धा तक्रार लिहून घेता घेता सांगतो. त्यात आपण भर घालू नये, अशीच आपली आजवरची भूमिका. पण परदेशातल्या नोकरीसाठी मुलाखत द्यायला निघालेल्या मुली आणि बाया हल्ली केंद्रात येऊन विचारतात, ‘ताई, मुलाखतीला काय घालू?’ त्यावर आपल्यातली कुणी म्हणते, ‘तुला आवडेल ते घाल.’ कुणी म्हणते, ‘कपडे कशाला बघतील, तुझं काम बघतील.’ दोन्ही उत्तरं ऐकायला छान आहेत आणि विचारणाऱ्या बाईच्या काडीच्या उपयोगाची नाहीत.

या बाया आहेत तरी कोण? फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. नर्सिंग झालेल्या मुलींच्या घरांत तेव्हापासून जर्मनीचं नाव वरचेवर निघतं. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत आणि आखाती देशांत आपल्याकडच्या नर्सेस आधीपासूनच जात होत्या. शिवाय म्हाताऱ्या माणसांची देखभाल करणाऱ्या आहेत, हॉटेलात काम केलेल्या आहेत, संगणकवाल्या तर आहेतच. यातल्या बऱ्याच जणी घरातून परदेशी निघालेल्या पहिल्याच. कर्ज काढून भाषा शिकलेल्या. मुलाखत पंचवीस मिनिटांची, आणि तिच्यावर सगळ्या घराचे डोळे लागलेले.

आपल्या मागच्या बैठकीत या प्रश्नावरून चांगलीच वादावादी झाली. केंद्रात एक कपाट ठेवावं, त्यात मुलाखतीला घालण्याजोगे कपडे असावेत, गरज असेल तिनं न्यावेत आणि धुऊन परत आणावेत, असा प्रस्ताव एका मैत्रिणीनं मांडला. दुसरीनं लगेच विचारलं, ‘बाईला कपड्यावरून जोखू नका, असं आपण इतकी वर्षं सांगत आलो आणि आता आपणच तिला ब्लेझर चढवणार?’ प्रश्न खोटा नव्हता. त्याला उत्तर द्यायलाच हवं, म्हणून हे लिहिते आहे.

आधी त्या बाईच्या जागी बसून बघू. तालुक्याच्या दवाखान्यात सहा वर्षं काम केलेली स्टाफ नर्स. रात्रपाळीत एकटीनं वॉर्ड सांभाळलेला. तिच्या मुलाखतीच्या पोशाखावर मत असलेली माणसं मोजायला घेतली तर हाताची बोटं पुरत नाहीत. एजंट म्हणतो काळा सूटच पाहिजे, आणि ‘ग्रूमिंग’चे म्हणून वेगळे पैसे मागतो. (जाता जाता : एजंटाची सरकारी नोंदणी आहे का हे ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतं आणि त्याच्या शुल्काला नियमांनी मर्यादा घातलेली आहे. वरच्या प्रत्येक रुपयाची पावती मागा. पावती म्हटलं की ग्रूमिंग आपोआप स्वस्त होतं.) सासूबाई म्हणतात मंगळसूत्र काढायचं नाही. नवरा म्हणतो साडीच नेस, आपली संस्कृती दिसली पाहिजे. स्वतः तो गेली दहा वर्षं जीन्समध्ये असतो, ती गोष्ट वेगळी. चुलत नणंद म्हणते हील्स घाल, उंची कमी दिसते. आणि मग ती आपल्याकडे येते तर आपणही तिला सातवं मत देणार?

म्हणून मत देण्याआधी माहिती देऊ. परदेशात मुलाखतीच्या खोलीत कपड्यांचं नेमकं काय होतं, हे नोंदलेल्या प्रकरणांतून पुष्कळ कळतं.

जर्मनीपासून सुरुवात करू. तिथं नोकरीच्या अर्जाला फोटो जोडायची जुनी रीत. २००६ साली समान वागणुकीचा कायदा आला, त्यानंतर फोटो मागणं बंधनकारक राहिलेलं नाही, तरी अनेक जण जोडतातच. डोरिस वाइक्सेलबाउमर या अर्थतज्ज्ञ बाईंनी २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच बाईचा फोटो आणि एकाच तोलाची शैक्षणिक पात्रता, असे सुमारे दीड हजार अर्ज जर्मन कंपन्यांना पाठवले. फरक दोनच, नावाचा आणि डोक्यावरच्या स्कार्फचा. जर्मन नाव असलेल्या अर्जांना मुलाखतीचं बोलावणं आलं शंभरात १८.८. तुर्की नावाला, स्कार्फ नसताना, १३.५. त्याच तुर्की नावाच्या फोटोत डोक्याला स्कार्फ आला की ४.२. बाई तीच, शिक्षण तेच. ‘तुझं काम बघतील’ असं म्हणणाऱ्या मैत्रिणींनी हे तीन आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत.

आता अमेरिका. ओक्लाहोमा राज्यातलं टल्सा शहर, साल २००८. समांथा एलॉफ ही सतरा वर्षांची मुलगी अॅबरक्रॉम्बी अँड फिच या कपड्यांच्या कंपनीच्या दुकानात नोकरीसाठी मुलाखतीला गेली. डोक्याला काळा स्कार्फ होता. मुलाखत घेणारीला ती पसंत पडली. पण वरिष्ठानं सांगितलं, आपल्या कर्मचाऱ्यांच्या दिसण्याविषयीच्या धोरणात डोक्यावर काही घालणं बसत नाही. तिचे गुण कमी केले आणि नोकरी नाकारली. या सगळ्यात त्या मुलीला स्कार्फविषयी कुणी एक शब्द विचारला नव्हता, आणि दुकानाचा असा नियम आहे हेही तिला कुणी सांगितलं नव्हतं. मधल्या न्यायालयानं म्हटलं की धार्मिक कारणासाठी स्कार्फ घालते, सवलत हवी, हे तिनंच सांगायला हवं होतं. १ जून २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध एक मतानं निकाल फिरवला. मालकाला पक्कं माहीत होतं की नुसता अंदाज होता हे महत्त्वाचं नाही, सवलत द्यावी लागू नये म्हणून त्यानं नोकरी नाकारली का, हे महत्त्वाचं, असा त्या निकालाचा अर्थ. सात वर्षं लागली. दुकानातल्या एका नोकरीसाठी!

आपल्यासाठी या प्रकरणातली बोच वेगळीच आहे. कपड्यावरून निर्णय झाला, पण कपड्याबद्दल बोलणं झालंच नाही. मुलाखतीच्या खोलीत कपड्यावरून ठरतं ते असंच, न बोलता ठरतं. बाई बाहेर येते, ‘कळवतो’ असं ऐकून घरी जाते, आणि आपलं इंग्रजी कमी पडलं असं वर्षभर समजत राहते.

लंडनमध्ये किंग्ज क्रॉस भागातल्या एका केशकर्तनालयात २००७ साली बुशरा नोआ ही तरुणी मुलाखतीला गेली. तिचाही स्कार्फ. मालकीणबाईंचं म्हणणं, आमच्याकडे काम करणाऱ्या मुलींचे केस हीच आमची जाहिरात, ते झाकून कसं चालेल? २००८ साली न्यायाधिकरणानं दोन्ही बाजूंचं ऐकून जो निकाल दिला तो वाचण्यासारखा आहे. मालकिणीनं धर्मामुळे नाकारलं, केस झाकणाऱ्या दुसऱ्या कुणालाही तिनं नोकरी दिली असती, हे त्यांनी मानलं नाही. मात्र स्कार्फमुळे धंद्याचं नुकसान होईल याला पुरावा काय, असं विचारलं. पुरावा नव्हता. अप्रत्यक्ष भेदभाव ठरला आणि मनाला झालेल्या त्रासापोटी चार हजार पौंड द्यायला लावले. केस दाखवणं ही कामाची गरज आहे की नुसती मालकाची आवड, एवढाच खरा मुद्दा होता.

हा मुद्दा आपण पक्का धरून ठेवू या, कारण कामाची म्हणून एक खरी गरज असते. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत २००८ पासून रुग्णाला हात लावणाऱ्या सर्वांसाठी नियम आहे, कोपराखाली हात मोकळा पाहिजे. पूर्ण बाह्या नाहीत, घड्याळ नाही, बांगड्या नाहीत, बहुतेक ठिकाणी एक साधी अंगठी तेवढी चालते. कारण हात नीट धुता आले पाहिजेत. हा नियम डॉक्टरलाही आहे आणि पुरुषालाही आहे. नर्स म्हणून मुलाखतीला जाताना हिरवा चुडा भरून गेलात तर तुमचा अपमान कुणी करणार नाही, पण ‘संसर्ग टाळण्यासाठी तुम्ही काय करता’ या प्रश्नाचं उत्तर तुमच्या मनगटानं आधीच दिलेलं असेल. इथं संस्कृतीचा झेंडा फडकवण्यात अर्थ नाही. आपल्याकडच्या चांगल्या शस्त्रक्रियागृहातसुद्धा बांगड्या उतरवूनच आत जातात.

पण कामाची गरज म्हणून दामटलेलं सगळंच तसं नसतं. डिसेंबर २०१५ मध्ये निकोला थॉर्प ही तरुणी लंडनच्या एका मोठ्या कचेरीत स्वागतिकेच्या कामावर पहिल्याच दिवशी सपाट बुटांत गेली. दोन ते चार इंच टाचेचे बूट घालून ये म्हणून तिला सांगितलं. पुरुषांनाही असे बूट लागतात का, असं तिनं विचारलं, तर हसले. तिनं नकार दिला, तिला बिनपगारी घरी पाठवलं. पुढे तिच्या अर्जावर दीड लाखावर सह्या झाल्या आणि जानेवारी २०१७ मध्ये संसदेच्या दोन समित्यांनी उंच टाचांवर अख्खा अहवाल लिहिला. सरकारनं कायदा बदलायचं मात्र टाळलं, २०१० चा समानता कायदा पुरेसा आहे म्हणालं. जपानमध्ये २०१९ साली युमी इशिकावा यांनी हीच मागणी लावून धरली. नोकरी शोधणाऱ्या मुलींचा काळा सूट आणि टाचेचे काळे बूट हा तिथला जवळजवळ गणवेशच. जपानीत बूट आणि वेदना या दोन शब्दांचे उच्चार जवळचे, ते जोडून त्यांनी मोहिमेला ‘कुटू’ असं नाव दिलं. त्यावर तिथल्या कामगार मंत्र्यांनी टाचा हा समाजानं मान्य केलेला आणि गरजेचा प्रकार असल्याचा खुलासा संसदेत केला. मंत्रिमहोदयांनी किती तास घालून पाहिल्या होत्या ते कळलेलं नाही. २०२० मध्ये जपान एअरलाइन्सनं मात्र आपल्या हवाईसेविकांवरची टाचांची सक्ती काढून टाकली.

आणि बाईनं साधेपणानं वागून कामच दाखवलं तर? अॅन हॉपकिन्स या अमेरिकन बाईंनी तेही करून पाहिलं. हिशेब तपासणीच्या एका बड्या कंपनीत त्यांनी कोट्यवधींची कामं आणली, १९८२ साली भागीदारीसाठी त्यांचं नाव पुढं आलं, आणि त्यांना सल्ला मिळाला की जरा बाईसारखं चाला, बाईसारखं बोला, कपडे बायकी घाला, मेकअप करा, केस करा, दागिने घाला. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा लिंगभेद असल्याचं मान्य केलं. म्हणजे नटली तर गंभीर नाही आणि नाही नटली तर बाई नाही. या दोन भिंतींमधली फट शोधायची असते, आणि ती फट म्हणजेच तो ‘योग्य पोशाख’. जॉन मॉलॉय यांनी १९७७ साली नोकरदार अमेरिकन बायकांसाठी पोशाखाचं पुस्तक लिहिलं, त्यात कोट आणि स्कर्ट हाच वेष सांगितला होता, पँट नको म्हटलं होतं. पुस्तक खूप खपलं. आज आपल्या तालुक्यातला एजंट सांगतो त्या काळ्या सूटची वंशावळ अशी तिकडे जाते.

कायदा आपल्या बाजूनं आहे असं धरून कुणाला पाठवू नका, हेही सांगायला हवं. युरोपीय संघाच्या न्यायालयानं १४ मार्च २०१७ रोजी एकाच दिवशी दोन निकाल दिले. एकात म्हटलं, सर्व धर्मांच्या उघड खुणांना सारखीच बंदी घालणारा नियम कंपनी करू शकते. दुसऱ्यात म्हटलं, केवळ गिऱ्हाइकाला स्कार्फ आवडत नाही म्हणून बाईला काढता येत नाही. दोन निकालांच्या मध्ये केवढी चिंचोळी वाट उरते बघा. भिवंडी-मालेगावच्या आपल्या मैत्रिणींना हे दोन्ही निकाल एकत्रच सांगायला हवेत. अर्धी माहिती देऊन धीर देणं ही फसवणूक होईल.

आता बैठकीतल्या त्या प्रश्नाकडे येते. बाईला त्यांच्या पसंतीचे कपडे चढवणं ही शरणागती आहे का?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला परदेशी जायची गरज नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी बायकांची वेगळी सभा घेऊन त्यांच्याशी कपड्यांविषयीच बोलणं केलं होतं. अस्पृश्य म्हणून लांबून ओळखू यावं अशा लुगड्याच्या नेसण्याच्या, अशा गळाभर दागिन्यांच्या खुणा टाकून द्या, सवर्ण बायका नेसतात तसं लुगडं नेसा, असं त्यांनी सांगितलं. बायकांनी ते लगेच अमलात आणलं. ती शरणागती होती असं आपल्यातली कुणी म्हणेल का? दुसऱ्यानं लादलेली खूण अंगावरून उतरवणं हा हक्क होता. आणि याच्या अगदी उलट टोकाला आनंदीबाई जोशी. १८८३ साली अमेरिकेला जाण्याआधी श्रीरामपूरच्या सभेत, हे बंगालमधलं श्रीरामपूर, त्यांनी सांगितलं की आपण आपला पोशाख आणि आहार बदलणार नाही. पेनसिल्व्हेनियाच्या थंडीत त्यांनी साडी सोडली नाही, नेसण्याची पद्धत मात्र अंग जास्त झाकणारी, गुजराती ढंगाची केली. एका ठिकाणी बदलणं हे धैर्य, दुसऱ्या ठिकाणी न बदलणं. दोन्हीकडे ठरवलं ते त्या त्या बायकांनी, आणि आपण कशासाठी ठरवतो आहोत हे त्यांना माहीत होतं.

म्हणून माझं मत असं. मुलाखतीच्या त्या खोलीत आपली चळवळ लढण्याचं ओझं त्या एकट्या नर्सच्या खांद्यावर टाकू नये. तिला नोकरी हवी आहे. तिनं टाचा नाकारल्या तर आपण तिच्या मागं उभं राहू, तिनं टाचा घातल्या तर तिला कमी लेखणार नाही. टाचांच्या सक्तीविरुद्ध सह्या गोळा करणं, मालकांना पत्रं लिहिणं, एजंटांच्या जाहिरातींतल्या ‘स्मार्ट, गोरी, अविवाहित’वर तक्रारी करणं, हे संघटनेचं काम, ते आपण करायचं. आणि परदेशाला नावं ठेवताना आपलं अंगणही बघू. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनानं आपल्या कर्मचाऱ्यांनी कार्यालयात काय घालावं याचं परिपत्रक काढलं, मार्च २०२४ मध्ये शिक्षकांसाठी निघालं. त्यात शिक्षिकांसाठी साडी किंवा सलवार-कुडता-ओढणी, आणि जीन्स नको. वर्गात ओढणी कोणती कामाची गरज भागवते, हा प्रश्न किंग्ज क्रॉसच्या न्यायाधिकरणाला विचारायला हवा.

आता तो ‘काय घालू’चा सरळ भाग. हा बराच खुलासेवार लिहिते, कारण केंद्रातल्या नव्या कार्यकर्त्या हाच मागतात.

पहिलं म्हणजे विचारा. मुलाखतीचं बोलावणं येतं त्या पत्राला उत्तर देताना ‘मुलाखतीसाठी पोशाखाबाबत काही अपेक्षा आहे का, आणि कामावर कोणता गणवेश असतो’ असं एक वाक्य लिहायला काही हरकत नसते. तिकडे हा प्रश्न भोचकपणाचा मानत नाहीत. उत्तर लेखी आलं तर जपून ठेवा. समांथा एलॉफला जे कुणी सांगितलं नाही, ते तुम्ही आधीच मागून घेतलंत. रुग्णालयाच्या किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर तिथं काम करणाऱ्यांचे फोटो असतात, तेही बघा. त्यांच्याहून थोडं नीटनेटकं, एवढा अंदाज पुष्कळ होतो.

नर्सिंगच्या, देखभालीच्या, हॉटेलच्या कामासाठी जर्मनी-इंग्लंडात साधी गडद पँट, इस्त्रीचा शर्ट किंवा आखूड साधा कुडता आणि पुढून बंद सपाट बूट, हे बहुतेक वेळा पुरतं. वर स्वेटर किंवा ब्लेझर असला तर बरा, नसला तर नोकरी जात नाही. कचेरीच्या कामाला ब्लेझर लागतो असं समजा, बँकेला आणि वकिलीला नक्कीच. संगणक कंपन्यांत मुलाखत घेणाराच टी-शर्टमध्ये बसलेला असतो, तरी आपण शर्टमध्ये असावं. आखाती देशांत बाह्या आणि पाय झाकणारे सैल कपडे. सौदी अरेबियानं २०१९ मध्ये परदेशी बायकांना अबाया सक्तीचा नाही असं जाहीर केलं, पण अंगभर कपड्यांची अपेक्षा ठेवली आहे.

साडी? रोज साडी नेसून धावपळीचं काम करणाऱ्या बाईनं साडी नेसायला काहीच हरकत नाही. लंडनमध्ये ग्रनविकच्या कारखान्यावर १९७६ ते ७८ अशी दोन वर्षं जयाबेन देसाई आणि त्यांच्या सोबतिणी साडीतच संपावर उभ्या राहिल्या, तेव्हा साडीत काम होत नाही आणि भांडण तर नाहीच नाही, हा समज त्यांनी मोडून ठेवला आहे. पण वर्षातून दोनदा नेसणारीनं मुलाखतीला साडी नेसू नये. आणि हाच नियम ब्लेझरलाही. मुलाखतीच्या दिवशी पहिल्यांदा अंगावर चढवलेला कपडा हा शत्रू असतो. हात उचलला की खांदा ओढतो, बसलं की बटण ताणतं, आणि अर्धं लक्ष तिथं जातं. जे घालणार ते आधी आठवडाभर घरात घाला. त्यात भांडी घासा, जिना चढा, खुर्चीत अर्धा तास बसा. बूट तर आठ दिवस आधी पायात हवेतच.

थंडीचं वेगळं सांगते. जानेवारीत बाहेर हाडं गोठतात आणि आत हीटर असतो, म्हणून एकच जाड कपडा नको, एकावर एक काढता येतील असे पातळ थर हवेत. जाड कोट आत जाण्यापूर्वी काढून हातावर घ्यायचा. हा कोट स्वयंपाकघराजवळच्या खुंटीवर ठेवू नका. लोकरीचा कपडा फोडणीचा वास धरून ठेवतो, धुतल्याशिवाय तो जात नाही, आणि आपल्या लोकांच्या वासावरून तिकडे काय काय बोललं जातं ते तिथं राहणाऱ्या मैत्रिणींनी आपल्याला सांगितलेलं आहे. ते बोलणं हीनच आहे. पण मुलाखतीच्या दिवशी त्याचा निकाल लावत बसायचं नाही.

मंगळसूत्र, टिकली, जोडवी, कुंकू. इथं संघटनेची म्हणून कुठलीही आज्ञा नाही. काढा म्हणणं नाही, ठेवा म्हणणं नाही. एक माहिती मात्र जरूर द्यावी. जर्मन माणसाला मंगळसूत्र वाचता येत नाही, ती त्याला साधी माळ दिसते. वाचता येतं ते आपल्याच माणसाला. पहिली फेरी बहुतेक वेळा इथलाच एजंट घेतो, आणि गळ्याकडे बघून तो मनात हिशेब मांडतो : लग्न झालंय, मग मूल कधी, नवरा सोडेल का. तोच डोळा आडनावही वाचतो आणि जातही वाचतो. जर्मनीत मुलाखतीत ‘गर्भवती आहात का’ असं विचारता येत नाही, विचारलं तरी खरं उत्तर देण्याचं बंधन बाईवर नाही. इथल्या एजंटानं विचारलं तर ‘हा प्रश्न तिकडचा मालक विचारतो का?’ असा उलट प्रश्न करायचा सराव आपण गटात करून घेऊ शकतो. दोनदा केला की जमतं.

२०२० च्या टाळेबंदीपासून बऱ्याच मुलाखती पडद्यावरच होतात. तिथं कमरेवरचंच दिसतं म्हणून खाली गाऊन ठेवणाऱ्या आहेत, ठेवा बापड्या, फक्त मध्येच कागद आणायला उठू नका. बारीक रेघांचा शर्ट पडद्यावर लहरतो, पांढरा चमकतो, निळा-हिरवा साधा रंग बरा. पण पडद्यावरच्या मुलाखतीत कपड्याहून जास्त दिसतं ते घर. मागून सासरे टॉवेल घेऊन जातात, मूल आई म्हणून हाक मारतं, कुकरची शिट्टी होते. ज्या बाईला स्वतःची खोली नाही तिला ब्लेझर देऊन काय उपयोग? म्हणून केंद्रातली मागची लहान खोली मुलाखतीसाठी मोकळी ठेवायचं ठरलं आहे. एवढ्या एका गोष्टीवर बैठकीत वाद झाला नाही.

राहता राहिलं कपाट. ही कल्पना आपली नवी नाही. नॅन्सी लब्लिन यांनी वारशात मिळालेल्या पाच हजार डॉलरांवर न्यूयॉर्कमध्ये १९९७ साली ‘ड्रेस फॉर सक्सेस’ सुरू केलं, बेकार बायकांना मुलाखतीचे कपडे द्यायला. लंडनमध्ये २०१३ पासून ‘स्मार्ट वर्क्स’ हेच काम करतं, आणि कपड्यांबरोबर मुलाखतीचा सरावही करून घेतं. अमेरिकेतल्या त्या प्रयोगाच्या आधी एकच वर्ष, १९९६ मध्ये, तिथल्या सरकारनं गरीब आयांची मदत कमी करून त्यांना कामाला लावणारा कायदा केला होता, हे विसरून चालणार नाही. काम नाही, पाळणाघर नाही, आणि वर म्हणायचं तुझे कपडे चांगले नव्हते, असं होऊ शकतं. बैठकीतल्या मैत्रिणीची भीती तीच होती आणि ती रास्त आहे. म्हणून कपाट ठेवायचं ते तीन गोष्टींसकट. किल्ली मागायला येणाऱ्या बाईला आधी सांगायचं की हे ऐच्छिक आहे, तिच्या स्वतःच्या कपड्यांत ती जाऊ शकते. दुसरं, मुलाखतीत कपड्यांविषयी, लग्नाविषयी, मुलाबाळांविषयी काय विचारलं गेलं हे परत आल्यावर वहीत लिहून ठेवायचं, एजंटाच्या नावासह, बाईच्या नावाशिवाय. वर्षभरात ती वही कपाटापेक्षा जास्त कामाची होईल. आणि कपडे देणारीनं घेणारीला ओळखू नये, यासाठी देणाऱ्यांचीही नावं लिहायची नाहीत.

काय हवं आहे ते लिहिते. गडद पँटी, सगळ्या मापांच्या, विशेषतः मोठ्या, कारण दुकानात मोठं माप बाईला आधीच अपमान करून मिळतं. पूर्ण आणि अर्ध्या बाह्यांचे साधे शर्ट. साधे कुडते, जरीचे नकोत. ब्लेझर, त्याला खिसे खरे असतील तर फारच छान. काळे, गडद निळे आणि राखाडी स्कार्फ. दोन-तीन सुती साड्या, पिना लावलेला परकर सोबत. लग्नातले सूट कृपया पाठवू नका, मागच्या वेळी पुरात कपडे गोळा केले तेव्हा शेरवान्या आल्या होत्या. बूट मात्र जुने घ्यायचे नाहीत, दुसऱ्याच्या पायाला बसलेला बूट तिसऱ्याला टोचतो. त्यासाठी प्रत्येक गटानं एका जोडाचे पैसे द्यावेत असं ठरलं आहे. मापं पाच ते आठ, टाच सपाट.